वाफ चढेपर्यंत

“पन्नाशी उलटलेला बाप्या, आणि अंगणात असा उभा राहतो, जशा काही दोन मुली सांगून आल्यात त्याला!” काकू म्हणाल्या आणि हातातला अभ्रा त्यांनी इतक्या जोरात झटकला, की खिडकीपाशी बसलेल्या रफूवालीचा टाका चुकला.

“मग एक पसंत करून टाका की,” रफूवाली धागा दातांनी तोडत म्हणाली.

“काय पसंत करायचं? एक म्हातारी, दुसरी उठवळ. दोघींच्या पोटात मिळून चादरींचं एक गाठोडं मावायचं नाही. आणि हा बघ. आठवडा झाला, सकाळी उठला की हिच्याभोवती एक फेरी, तिच्याभोवती एक फेरी. एकदा म्हणतो हीच राहू दे, एकदा म्हणतो तीच बरी. ताटात काय वाढलंय याची शुद्ध नाही. काल मुद्दाम आमटीत मीठ घातलं नाही मी. मुकाट जेवून उठला. विचारलं, कसं झालं होतं रे? तर म्हणे, नेहमीसारखं!”

रफूवाली खुदकन हसली. काकूंनाही हसू येत होतं, पण त्यांनी ते दाबलं. हाताखालच्या माणसासमोर किती हसायचं, याचं माप त्यांच्यापाशी होतं आणि आजचं माप सकाळीच भरलं होतं.

काकूंची लाँड्री गल्लीच्या टोकाला होती. पुढे काउंटर, मधे वाफेवरच्या इस्त्रीच्या दोन प्रेस आणि कपड्यांनी लदलेले दांडे, मागे बॉयलरची खोली, त्याच्यामागे अंगण. वर दोन खोल्या, तिथे काकू आणि त्यांचा थोरला. थोरला म्हणायला त्याच्यामागे एकच धाकटी बहीण, आणि ती लग्न होऊन केव्हाच लांब गेलेली. पण काकूंनी एकदा ठेवलेलं नाव बदलत नसे. अंगणात एरवी चादरी वाळायच्या. आता तिथे दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या होत्या, आणि तारा आखूड बांधून चादरी दुमडून घालाव्या लागत होत्या. ओल्या चादरीला पोक आलेलं काकूंना बघवत नसे.

जुनी गाडी बाटलीच्या काचेसारखी हिरवी होती. लांबलचक नाक, दोन गोल दिवे, कापडी टप, लाकडी स्टिअरिंग. सुरू होताना ती घशात कफ अडकलेल्या म्हाताऱ्यासारखी खाकरायची. काकूंच्या नवऱ्यानं ती घेतली, तेव्हा काकू चार दिवस त्याच्याशी बोलल्या नव्हत्या. चार माणसांच्या घरात दोन सीटची गाडी आणणाऱ्याशी बोलायचं तरी काय? पुढे नवरा गेला आणि गाडी राहिली. त्याच्यावर धरलेला राग काकूंनी मग गाडीवर धरला. माणूस गेल्यावर राग कुठेतरी ठेवायला जागा लागते.

नवी गाडी पारव्या रंगाची, जमिनीला पोट टेकून बसलेली, दिवे डोळे बारीक केल्यासारखे. ती आणून उभी केली होती जुन्या गाड्यांच्या दलालानं. बोलता बोलता समोर दिसेल त्या गाडीवरून रुमाल फिरवायची त्याला खोड होती, म्हणून सगळे त्याला चकचक म्हणायचे. कुणा हौशी माणसाचा जीव त्या हिरव्या गाडीवर जडला होता, आणि तिच्या बदल्यात तो आपली पारवी द्यायला तयार होता. देणं नाही, घेणं नाही, या हातातली चावी त्या हातात. “आठवडाभर राहू द्या घरी,” चकचक म्हणाला होता. “घराला सवय होऊ द्या. मग सांगा.” आठवडा संपत आला होता, आणि उत्तर काही ठरत नव्हतं.

थोरल्याचे वडील गेले, तेव्हा तो दूरच्या शहरात नुकताच नोकरीला लागला होता. चार दिवसांची रजा काढून आला. ती रजा अजून चालूच होती.

आल्या आल्या त्यानं बॉयलर हातात घेतला. या घराचा एक नियम होता. ज्यानं बॉयलर पेटवला, त्यानंच वाफ सोडायची. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. काकूंच्या सासऱ्यांच्या काळात एकानं पेटवला, दुसऱ्यानं व्हॉल्व्ह फिरवला आणि तिसरा भाजला, तेव्हापासूनचा तो नियम. सासरे गेले. कोळशाचा बॉयलर जाऊन गॅसचा आला, वाफ जास्त झाली तर आपली आपण शिट्टी मारणारा. नियम होता तिथेच राहिला. आधी नवरा पेटवायचा आणि नवरा सोडायचा, मग थोरला. पेटवल्यापासून वाफ पुरती चढेपर्यंत जो वेळ जायचा, तेवढा थोरल्याचा. तेवढ्यात तो हिरवी गाडी काढायचा. बाजाराच्या मागून, रेल्वेचं फाटक ओलांडून, पाण्याच्या टाकीपर्यंत. टाकीपासून पुढे रस्ता खिंडीकडे चढायचा. तो टाकीला वळसा घालून परत फिरायचा, आणि गाडी अंगणात लागायची तेव्हा बॉयलरचा काटा बरोबर जागेवर आलेला असायचा.

सुट्टी नव्हती. लाँड्रीचं पोट चालायचं ते हॉटेलच्या चादरींवर, आणि हॉटेलात माणसं रोज झोपतात.

“माझा थोरला कधी उशिरा आला नाही,” असं काकू गिऱ्हाइकांना सांगायच्या. सांगताना मान जराशी वर व्हायची. गिऱ्हाइकं हो हो करायची. दुसरं करणार तरी काय?

त्या दुपारी जेवताना काकूंनी विषय काढला.

“ती नवी तुला हवीय कशाला, ते तरी कळू दे.”

“जोरात जाते,” थोरला म्हणाला.

“जोरात जाऊन कुठं दिवे लावायचेत?”

त्यानं घास खाली ठेवला. त्याला बोलायचं असलं की तो आधी हात मोकळे करायचा, लहानपणापासून. “आई, जुनी गाडी वाफ चढेपर्यंत टाकीपर्यंतच जाऊन येते. नवी असली तर तेवढ्याच वेळात खिंडीत जाऊन परत येता येईल. मी हिशेब केलाय. वर थोडं थांबूनसुद्धा वेळेत परत.”

“खिंडीत काय ठेवलंय?”

“वरून समुद्र दिसतो म्हणतात.”

“दिसतो तर दिसू दे. समुद्र काय पळून चाललाय?”

“नाही,” तो म्हणाला आणि पुन्हा जेवायला लागला. “त्याचं काही नाही.”

काकूंनी त्याला वाढलं. वाढताना त्यांच्या मनात आलं, की हा आपल्याकडे वेळ मागत नाहीये. वाफेचा जेवढा वेळ आहे तेवढ्यातच बसेल अशी गाडी शोधतोय. आपला पोरगा हुशार आहे, असं त्यांना नेहमी वाटायचं. आजही तसंच वाटायला गेलं, पण ते मधेच कुठेतरी अडकलं. त्यांनी पाणी मागितलं.

संध्याकाळी धाकटीचा फोन आला. तिला कुणी सांगितलं कोण जाणे.

“आई, दादाला नवी घेऊ दे ना. आयुष्यात एकदा तरी जोरात जाऊ दे त्याला.”

“मी काय त्याचे पाय बांधलेत?”

पलीकडे धाकटी गप्प झाली. आईसारखीच होती ती, पण गप्प कधी व्हायचं ते तिला कळायचं, आणि काकूंना तिचं नेमकं तेच आवडायचं नाही.

“बोल ना. बांधलेत का मी?”

“मी कुठं काय म्हटलं, आई?” धाकटी म्हणाली आणि मुलांच्या खोकल्यावर बोलायला लागली.

दुसऱ्या दिवशी काकू घरचे कपडे घेऊन बसल्या. थोरल्याच्या शर्टांना त्या दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. खळही त्यांचीच, घट्ट. रोज शेकडो कपड्यांवरून हात फिरवून त्यांचे तळवे असे झाले होते, की कोण खुर्चीत बसून काम करतं, कोण उभ्यानं, कुणाचा मुलगा कडेवर असतो आणि कोणत्या कडेवर, हे त्या शर्ट बघून सांगायच्या. शाळेत त्या फार टिकल्या नव्हत्या. आकडे आणि आपली सही, एवढंच. पण शर्ट वाचायला कुठे शाळा लागते?

थोरल्याचा आदल्या दिवशीचा शर्ट टेबलावर पसरला आणि त्यांचा हात थांबला.

“इकडं ये गं.”

रफूवाली आली. शर्टावर डाव्या खांद्यापासून उजव्या कमरेपर्यंत एक तिरपी चुणी गेली होती. खळीमुळे ती आखल्यासारखी दिसत होती.

“पट्ट्याची,” रफूवाली म्हणाली. “गाडीच्या.”

“हिरवीला असला पट्टा नाही. नुसता कमरेचा आहे. म्हणजे हा काल नव्या गाडीतून हिंडून आला. दुपारी हॉटेलात जाऊन येतो म्हणाला होता, तेव्हा.”

“मग त्यात काय? गाडी दारातच तर आहे.”

“डोळे उघडून बघ. टेम्पोवाल्याच्या शर्टावर चुणी कुठून कुठं येते? उजव्या खांद्यावरून डावीकडं. चालवणाऱ्याची तशीच येते. ही उलटी आहे.”

रफूवालीनं हवेतच पट्टा लावून बघितला, आधी या खांद्यावरून, मग त्या. “अगं बाई. म्हणजे हे शेजारी बसले होते.”

“आणि चालवायला कोण होतं?”

प्रेसमधून थोडी वाफ सुटली आणि विरली.

“काकू,” रफूवाली आवाज खाली आणून म्हणाली, “कुणी बाई तर नसेल?”

“आमच्या थोरल्याला कुठली बाई?”

“का? काय वाईट आहे त्यांच्यात? पुढचे केस जरा गेलेत, एवढंच.”

“केसांचं तू मला सांगू नकोस. तुझ्या नवऱ्याच्या डोक्यावर काय उभं पीक आहे, ते मला माहीत आहे.”

रफूवाली तोंडाला पदर लावून पुन्हा खिडकीपाशी जाऊन बसली. काकूंनी शर्टावर पाणी शिंपडलं, पण इस्त्री फिरवली नाही. शर्ट तसाच घडी करून बाजूला ठेवला.

ती दुपार काकूंनी त्या बाईसोबत काढली. गाडी चालवते म्हणजे धीट असणार. परक्या माणसाला शेजारी बसवून चालवते म्हणजे आगाऊसुद्धा. नखं वाढवलेली नसावीत, तेवढं एक. वयानं फार लहान नको, माणसं हसतात. विधवा असली तरी हरकत नाही. एखादं मूल असलं तर तेही येऊ दे, वर जागा आहे. मागच्या खोलीतलं ते मोठं कपाट काढून टाकावं लागेल. थोरल्यासाठी आलेल्या एकेका मुलीला काकूंनी काय काय नावं ठेवली होती! एकीचा आवाज चिरका, एक चालताना पाय ओढते, एकीची आई फार बोलते. या बाईचं तर तोंडही पाहिलं नव्हतं, आणि तरी तिला ठेवायला त्यांना एक नाव सापडेना.

उन्हं उतरल्यावर दोघं मायलेक अंगणात चादरी काढायला गेले. हॉटेलच्या चादरी मोठ्या. घडी घालायला दोन माणसं लागतात. एका टोकाला आई, दुसऱ्या टोकाला मुलगा, मधे ताणलेली चादर. दोघांनी पुढे यायचं, कोपरे एकाच्या हातात द्यायचे, पुन्हा मागे सरायचं. इतकी वर्षं ते हे करत आले होते, की बघणाऱ्याला नाच वाटावा. काकूंनी हीच वेळ धरली. चादरीची दोन टोकं हातात असलेला माणूस उठून जाऊ शकत नाही.

“काल नव्या गाडीत तुझ्या शेजारी कोण होतं?”

थोरल्याचे हात जरा सैल पडले. “चकचक होता. तुला कुणी सांगितलं?”

“कुणी का सांगेना. आणि चालवत कोण होतं?”

“तोच.”

“तोच?”

“हो. दुसरं कोण असणार?”

काकू पुढे आल्या, कोपरे त्याच्या हातात दिले, खालची कड उचलली आणि मागे सरल्या. मागच्या खोलीतलं मोठं कपाट जिथल्या तिथे राहिलं.

“गाडी तुला घ्यायचीय, आणि चालवणार तो? तू काय वारा खायला बसला होतास?”

“जाताना मीच चालवली.” त्याचा चेहरा एकदम उजळला. “आई, काय गाडी आहे ती! पायाचा नुसता अंगठा टेकवायचा. फाटक केव्हा गेलं, कळलंसुद्धा नाही. टाकीपाशी पोचलो तेव्हा अर्ध्याहून जास्त वेळ शिल्लक होता.”

“कसला वेळ? दुपारी कुठला बॉयलर पेटवलास?”

“नव्हताच पेटवला. पण माझ्या डोक्यात चालूच असतं ते.”

“बरं. मग?”

“मग काही नाही.”

“चादर नीट धर. मग काय?”

तो चादरीकडे बघत बोलला. “रस्ता मोकळा होता. समोर चढ. चकचक म्हणाला, घ्या मालक वर. मी घेतलीच होती. आणि पाय ब्रेकवर गेला.”

“काही आडवं आलं?”

“तोही तेच विचारत होता. कुत्रं आलं का म्हणाला. मी म्हटलं, हो.”

“आणि नव्हतं?”

“नव्हतं.” दोघं पुढे आले. त्यानं कोपरे काकूंच्या हातात दिले. “पुन्हा सुरू केली. पुन्हा तेच. टाकीच्या पुढं वळण आहे ना, तिथं. मग त्यानंच सांगितलं, तुम्ही इकडं बसा, मी दाखवतो वर नेऊन. मी शेजारी बसलो, तेव्हा कुठं पट्टा लावला. त्यानं गिअर टाकला, आणि मी म्हणालो, मागं घ्या, वाफ चढली असेल.”

“दुपारी?”

“दुपारी.”

तो हसला. आपल्याच फजितीवर हसावं तसा, काकूंनीही हसावं म्हणून थांबून. काकू हसल्या नाहीत.

“म्हणून ठरत नाहीये गं माझं,” तो म्हणाला. “नवी चांगलीच आहे. पण जुनी असली तर म्हणता तरी येतं, की गाडी जुनी आहे, चढ काढत नाही. नवी घेतली तर काय म्हणणार?”

काकूंनी घडी त्याच्या हातातून घेतली आणि टोपलीत ठेवली. नेहमीच्या त्या असत्या तर म्हणाल्या असत्या, बायकांसारखा काय बोलतोस. किंवा म्हणाल्या असत्या, तूही तुझ्या बापावरच गेलास. जिभेवर दोन्ही होतं. पण त्यांनी दुसरी चादर तारेवरून ओढली आणि तिचं एक टोक त्याच्यापुढे धरलं. अंधार पडेपर्यंत टोपली भरली.

सकाळी थोरला जिना उतरून खाली आला, तेव्हा बॉयलरच्या खोलीत उजेड होता आणि आत घरघर चालू होती. काकू स्टुलावर बसल्या होत्या, अंगावर शाल, डोळे काट्यावर.

“आई! हे काय?”

“दिसत नाही? पेटवलाय.”

“अगं, पण मी होतो ना. तुझे गुडघे—”

“गुडघे माझे आहेत, मी बघीन. ज्यानं पेटवला त्यानं सोडायची. मी पेटवला, मी सोडीन. तू गाडी काढ आणि जा.”

“कुठं?”

“रोज जातोस तिथं. आणि तिथून पुढं.”

थोरला दारातच उभा राहिला. पायात घरातल्या चपला, हातात किल्ल्या. काट्याकडे बघत होता, आईकडे बघत होता.

“चकचक येणार आहे ना उत्तर घ्यायला.”

“येऊ दे. बसेल. त्याला पुसायला दुकानात पुष्कळ काचा आहेत.”

“कुठली नेऊ?”

“आता हेही मी सांगू?”

तो अंगणात गेला. दोन्ही गाड्यांच्या मधे काही वेळ उभा असावा, कारण बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग हिरवी खाकरली. एकदा, दोनदा, आणि सुरू झाली. गल्लीतून तिचा आवाज लांब लांब जात विरला.

रफूवाली आली आणि काकूंना बॉयलरपाशी बघून दारातच थबकली. काकूंनी तिच्याकडे असं बघितलं, की ती न विचारताच आपल्या जागेवर जाऊन बसली. थोड्या वेळानं चकचक आला. मालक बाहेर गेलेत म्हटल्यावर “काही घाई नाही, काकू” म्हणाला, बाकावर टेकला आणि काउंटरच्या काचेवरून रुमाल फिरवू लागला.

काटा चढत होता. काकूंना गाडी चालवता येत नव्हती आणि टाकीच्या पुढचा रस्ता त्यांनी कधी पाहिला नव्हता. पण बसल्या बसल्या त्या त्याच्यासोबत निघाल्या. आता बाजार मागे पडला असेल. आता फाटक. आता टाकी, आणि टाकीच्या बुडाशी सांडलेल्या पाण्याचं ते डबकं, ज्याबद्दल तो एकदा बोलला होता. आता वळण. वळणावर त्या थांबल्या. त्यांना पुढचं काही दिसेना, म्हणून त्यांनी आपल्या मनानंच रस्ता केला, दोन्ही बाजूंना झाडं लावली, आणि हिरवी गाडी त्यावरून हळूहळू वर चढवली. खोकू दे, खाकरू दे, मधे थांबून तापलेलं इंजिन निवू दे. कुणाला घाई आहे? वर पोचल्यावर काय दिसत असेल, ते मात्र त्यांना जमेना. समुद्र त्यांनीही तसा नीट पाहिलेला नव्हता.

काटा जागेवर आला. काकू उठल्या. व्हॉल्व्ह घट्ट होता. दोन्ही हात लावावे लागले. मग नळ्यांमधून खडखडत वाफ पुढे धावली आणि प्रेस फुसफुसली. रफूवालीनं खिडकीपाशी बसल्या बसल्या वळून बघितलं. काकूंनी पदरानं कपाळ पुसलं, प्रेसपाशी आल्या आणि हॉटेलच्या वाढप्याचा पांढरा कोट टेबलावर पसरला. कॉलर आधी, मग खांदे, मग बाह्या. गल्लीकडे त्यांनी कान दिला नाही. ठरवून दिला नाही. वाफ चढली, सुटली, कोट संपला, दुसरा घेतला, आणि अजून गल्लीत शांतता होती. काकूंचा ऊर एकदम भरून आला. तो कोट त्यांनी इतका सुंदर केला, की आजवर कुठल्या साहेबाचाही केला नसेल.

आणि गल्लीच्या तोंडाशी हिरवी खाकरली.

“आले वाटतं मालक,” चकचक उठून उभा राहिला. “वेळेला पक्के बघा तुम्ही लोक.”

बॉयलर आज तो खाली यायच्या आधीच पेटला होता आणि कोट जरा भरभर झाले होते, एवढंच. त्याला लागलेला वेळ रोजचाच होता.

थोरला मागच्या दारानं धापा टाकत आत आला. आधी बॉयलरच्या खोलीत डोकावला, मग प्रेसपाशी आला.

“वाफ?”

“सोडली.”

“बरं झालं,” तो म्हणाला. तरीसुद्धा परत जाऊन काटा बघून आला. खुंटीवरचा एप्रन काढला, गळ्यात अडकवला आणि पाठीमागे हात नेऊन नाड्या बांधू लागला.

“टाकीपर्यंत गेलास?”

“हो.”

“पुढं?”

नाडीचं दुसरं टोक त्याला सापडत नव्हतं. “पुढं डोळ्यांवर ऊन येत होतं,” तो म्हणाला आणि त्यानं गाठ मारली.

रफूवालीनं मान खाली घातली. चकचकला यातलं काही कळायचं कारण नव्हतं. तो रुमाल घडी करत पुढे आला. “मग मालक, काय ठरलं? हिरवी की पारवी?”

थोरल्यानं आईकडे बघितलं. केस पांढरे झालेला, ओघळत्या खांद्यांचा, खळीच्या ताठ शर्टातला माणूस. लहानपणी दुकानाच्या पायरीवरून रस्ता ओलांडायच्या आधी तो असाच वळून बघायचा, आणि काकू मानेनं हो म्हणाल्याशिवाय पाय खाली टाकायचा नाही. तेव्हा लोक म्हणायचे, काय गुणी पोर आहे. काकू म्हणायच्या, माझं आहे.

त्या टेबलाला वळसा घालून त्याच्यामागे आल्या, आणि त्यानं आत्ताच बांधलेली एप्रनची गाठ एका हिसक्यात ओढून सोडली.

“जुनीच राहू दे. लवकर परत यायचं असतं त्याला पळणारी गाडी लागते, आणि तुझं वेळेवर येणं मला आता बघवत नाही. माझ्या तोंडाकडं काय बघतोस? वळव ती गाडी. चढली नाही तर तिथंच लावून चालत जा, पाय आहेत ना? आणि अंधार पडायच्या आत या गल्लीत दिसलास, तर मला आई म्हणून हाक मारू नकोस.”